हौश्याचे आवतण

गोदावरीच्या दक्षिणेला, काळ्या रानात, सातमोट नावाचा एक लहानसा कसबा आहे. गावविहिरीवर एके काळी सात मोटा एकदम चालत, म्हणून हे नाव. तिथे श्री पेंढीनाथ महाराज कसे आले ही हकीकत लहानथोरांना ठाऊक आहे. सुगीच्या दिवसांत कडब्याची एक गाडी गावात आली. पेंढ्या उतरवून मोजल्या, तर एक जास्त भरली. ती जास्तीची पेंढी उठून बसली आणि तिने पाणी मागितले. तेच आपले महाराज.

ते कुठून आले हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण गाडीवाल्यालाही ते माहीत नव्हते. महादेवाच्या देवळामागे कडब्याची गंज होती, तिच्यावर महाराजांनी बैठक मांडली. गंज भरलेली असली की ते उंच निजत, संपत आली की खाली निजत, आणि दोन्हींत त्यांना काही फरक वाटत नसे. बोलणे फार थोडे. समोर येईल त्याला आधी विचारायचे, “जेवलास का?” माणसाला विचारीत, बैलाला विचारीत. एकदा जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबालाही त्यांनी हेच विचारले, तेव्हा तो साहेब साखळी खाली ठेवून रडला. असे महाराज.

आता सातमोटच्या जोंधळ्याबद्दल सांगितले पाहिजे. त्याचे नाव काळबोंडी. बोंड काळे, दाणा मोत्यासारखा, आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. पण उतारा कमी, म्हणून एकेकाने तो पेरायचे सोडले आणि शेवटी काळबोंडीचे बी एकाच घरात उरले, म्हादू कुटे यांच्या. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, तोंड शेणामातीने लिंपलेल्या एका मडक्यात ते असे. ते पेरायला रान मात्र देवाचे. देवळाची दोन एकरांची पट्टी सात पिढ्या कुटे यांच्या घराकडे कसायला होती. म्हादूची स्वतःची शेती म्हणजे घरामागचा भोपळ्याचा वेल.

या पट्टीचा एक मान होता. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हे सगळीकडे आहेच. सातमोटला दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, सगळा गाव वाजतगाजत देवाच्या वावरात जाई आणि मानाची जोडी तिथे तिफणीने तीन तासं, म्हणजे तीन ओळी, पेरी. त्याशिवाय रब्बीला गावात कुणाची तिफण रानात उतरत नसे. नियम असा, की कुटे यांनी जोडीनिशी उभे राहावे. ते उभे राहिले नाहीत तर मान पाटलांचा, आणि मानाबरोबर वावरही.

सात पिढ्यांत असे कधी झाले नव्हते. म्हादूच्या वेळी झाले. त्याची चिमण्या आणि हौश्या ही जोडी. चिमण्या नावाचा बैल हत्तीएवढा होता. नाव ठेवले तेव्हा तो लहान होता, नंतर कुणी बदलले नाही. हौश्या अंगाने बेताचा, पण भारी आगाऊ. तास संपवून वळताना तो दरवेळी डावीकडे झुके आणि बांधावरच्या गवताचा एक घास मारी. चौदा वर्षे म्हादू त्याला म्हणत आला, “हौश्या, लाज धर.” चौदा वर्षांत हौश्याने ती धरली नाही. आषाढात त्याला पान लागले, म्हणजे साप चावला, आणि गोठ्यातला एक खुंटा मोकळा झाला.

एक बैल असलेल्याने दुसऱ्या एक-बैलवाल्याशी सावड करायची, तुझा एक माझा एक जोडून काम भागवायचे, ही गावोगावची रीत. म्हादू घरोघर हिंडला. पण हैबतराव पाटलांचा शब्द त्याच्या आधीच घरोघर जाऊन आला होता. त्यामुळे कुणाच्या बैलाचे पोट बिघडले, कुणाच्या बैलाला नजर लागली, आणि एकाने तर बैलाला उपास आहे असे सांगितले. दारातच तो बैल कडबा खात होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिले आणि विषय सोडून दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, म्हादू गोठ्यात खांदेमळणीला बसला. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा आंबतो. त्या संध्याकाळी तो कोमट पाण्याने शेकायचा, तूप-हळद चोळायची, आणि बैलाला आवतण द्यायचे. एवढ्यात दारात हैबतराव पाटील येऊन उभे राहिले. जत्रेतून नव्याने आणलेल्या त्यांच्या खिलारी जोडीच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या होत्या. स्वतःच्या मिशांना तूप होते.

“म्हाद्या, परवा सकाळी वावरात ये,” ते म्हणाले. “तुझ्या बापाची तिफण आहे, तुला बघायला बरं वाटेल. जोडी माझी असंल.”

“अजून दीड दिवस हाये, मालक,” म्हादू खाली मान घालून म्हणाला.

“दीड दिवसात काय बैल वितोय व्हय तुझा? आन् ते काळबोंडी आता भाकरीपुरतं दळून घे. मी तिथं ऊस लावणार. जोंधळा काय, कुणीबी खातंय.”

म्हादूच्या डोळ्यांपुढे ते मडके आले. यंदा पेरले नाही तर बी जुने होईल. जुने झाले की उगवणार नाही. आणि मग सातमोटची काळबोंडी ही नुसती सांगायची गोष्ट होईल. हात मात्र सवयीने चालत होते. त्यांनी चिमण्याचा खांदा चोळला. मग तसेच ते हात वळले, शेजारच्या मोकळ्या खुंट्यापाशी गेले, बैलाचा खांदा असतो तेवढ्या उंचीवर हवेत गोल फिरले, आणि म्हादूचे तोंड म्हणाले,

“आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

बोलून झाल्यावर त्याला समजले. हातातले तूप कोपरापर्यंत ओघळले होते.

हैबतराव आधी थबकले, मग एवढे हसले की चिमण्या मागे सरकला. “मेलेल्या बैलाला आवतण! आरं, पंगतीत बसवतोस का त्याला? पानाला मीठ आधी वाढ, रुसायचा.” आणि ही गोष्ट गावाला सांगायला ते झपाझप निघून गेले. चावडीपर्यंत पोचेतो तिच्यात म्हादू बैलाच्या पाया पडून रडलासुद्धा होता.

म्हादू तूप पुसत देवळामागे गेला. महाराज गंजीवर बसले होते. त्यांनी विचारले, “जेवलास का?”

“न्हाई, महाराज. एक चूक झाली.” आणि त्याने सगळे सांगितले. वावराचे सांगितले, मडक्याचे सांगितले, हवेला लावलेल्या तुपाचेही सांगितले.

महाराजांनी शेवटपर्यंत ऐकले. मग ते म्हणाले, “आवतण मनापासून दिलंस का?”

“चुकून दिलं, महाराज. पर मनापासूनच चुकलं.”

“तुमच्यात चुकून दिलेलं आवतण परत घेतात का?”

“न्हाई. तसं कसं घेतील?”

“मग पाहुणा येईल. उद्या ताटं दोन वाढ.”

“पर त्यो यायचा कशात, महाराज? त्याला आंग न्हाई.”

महाराज जरा विचारात पडले. मग म्हणाले, “कौतिकाला सांग, एक करून दे.” आणि ते कुशीवर वळून निजले, इतके सहज, की म्हादूला वाटले आपण विचारलेला प्रश्नच सोपा असावा.

कौतिका म्हणजे म्हादूची बायको. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते पोळ्याला मातीचे बैल पुजतात, हे तिला ठाऊक होते. पण करायचा हात तिला नव्हता. देवाच्या वावरातली माती आणून तिने दुसऱ्या दिवशी सकाळभर खटपट केली. बैल झाला. चार बोटे उंच. समोरून तो बैलच वाटे. बाजूने पाहिले की रताळे.

“अवो, शिंगं बरोबर हायती का?” तिने विचारले.

म्हादूने खूप वेळ पाहिले. “कुठली?”

“जाऊ द्या. डोळे तरी बगा.” डोळ्यांच्या जागी तिने मडके फोडून काळबोंडीचे दोन दाणे लावले होते. ते डोळे पाहिले आणि म्हादूचे ओठांवरचे हसू विरले, कारण त्या वेड्यावाकड्या मातीतून कुणीतरी खरेच आपल्याकडे पाहते आहे असे त्याला वाटले.

संध्याकाळी वेशीत तोरणाखाली सगळ्या गावचे बैल मिरवले, झुली काय, बाशिंगे काय! चिमण्या एकटाच सगळ्यांच्या मागून गेला. घरी कौतिकाने पुरणपोळीची दोन ताटे वाढली, एक चिमण्यापुढे, एक मोकळ्या खुंट्याशी मातीच्या बैलापुढे. सकाळी दुसरे ताट चाटूनपुसून स्वच्छ होते. म्हादूने कुत्र्यावर संशय घेतला. पण कुत्रा रात्रभर पाटलांच्या दारात होता. तिथे पोळ्या जास्त होत्या.

म्हादू महाराजांना हे कळवायला गेला, तेव्हा ते फक्त म्हणाले, “जेवला ना? मग कामाला येईल.” आणि गंजीवरून उतरून ते म्हादूबरोबर चालू लागले. महाराज स्वतःहून गंजीवरून उतरल्याचे गावाने त्या दिवशी प्रथम पाहिले.

देवाच्या वावरात सगळा कसबा जमला होता. हलगी वाजत होती. हैबतरावांची खिलारी जोडी तिफणीपासून चार पावलांवर सजून उभी. एवढ्यात म्हादू चिमण्याला घेऊन आला, आणि त्याच्या डाव्या बाजूने कौतिका, हातात पितळेचे ताट, ताटात मातीचा बैल. आधी एक जण हसला, मग सगळे. हलगीवाला हसण्याने वाजवायचा थांबला.

“ही जोडी?” हैबतराव म्हणाले. “म्हाद्या, दुसरा बैल मला तर दिसंना. ताटावरची माशी हाकल आधी, दिसतोय का बघू.”

म्हादूने महाराजांकडे पाहिले. महाराज बांधावरच्या एका मुंगीला काहीतरी विचारीत होते. बहुधा तेच.

अशा वेळी रीतीचा निवाडा नाना चौगुले करीत. गावातले सर्वांत म्हातारे. त्यांच्याहून म्हातारी फक्त विहीर. नानांनी काठी टेकून आधी चिमण्याला पाहिले, मग वाकून ताटात पाहिले, परत चिमण्याला पाहिले.

“रीतीत जोडी सांगितलीय,” ते म्हणाले. “उंची सांगितलेली नाही.”

“नाना, थट्टा करताय का?” हैबतराव लाल झाले.

“माझ्या बापानं सांगितलं ते सांगतोय. ओढता आलं तर मान त्याचा. न आलं तर तुझा. म्हादू, जुंप.”

कौतिकाने मातीचा बैल चिमण्याच्या शेजारी, ढेकळांत एक जागा साफ करून ठेवला. म्हादूने जू उचलले. एक टोक चिमण्याच्या मानेवर बसले. दुसरे टोक म्हादूच्या हातांत, आणि त्याच्या बरोबर खाली ते चार बोटांचे अंग. बाभळीचे जू ते. हात सोडला तर खाली जाणार आणि डोळ्यांसकट सगळ्याचा भुगा करणार. वावर जाईल हे तर होतेच. पण म्हादूच्या मनात त्या क्षणी वावर नव्हते. आषाढात हौश्या त्याच्या मांडीवर मान टाकून गेला होता. तोच परत आपल्या हाताने मारायचा, एवढेच त्याला दिसत होते.

“हात काढ,” महाराज म्हणाले.

“महाराज, मोडंल त्यो.”

“आवतण कुणी दिलं?”

“म्या.”

“आला का न्हाई?”

म्हादूने खाली पाहिले. दोन दाणे त्याच्याकडे पाहत होते. “आला,” तो म्हणाला, आणि त्याने हात काढला.

जू खाली आले नाही. ते जिथे होते तिथेच राहिले, अगदी सपाट. एक टोक चिमण्याच्या मानेवर, दुसरे टोक कशावरच नाही. मधल्या शांततेत वावरातून एक कोंबडी चालत गेली. ती जुवाच्या मोकळ्या टोकाखाली आली, कुणाला तरी वळसा घातल्यासारखी बाजूने वळली, आणि पुढे गेली.

“खाली काठी लावलीय!” हैबतराव पुढे झाले आणि त्यांनी आपली घुंगरांची काठी जुवाखालून जोरात फिरवली. धप्प असा आवाज झाला, भरल्या अंगावर काठी बसल्याचा. दुसऱ्याच क्षणी मागच्या बाजूने काहीतरी सपकन आले आणि पाटलांचा फेटा उडून तिफणीवर पडला. ज्यांनी ज्यांनी बैलाच्या शेपटीचा फटका खाल्ला होता, त्यांना तो आवाज ओळखू आला. म्हणजे सगळ्यांनाच.

कौतिकाने फेटा अदबीने उचलून बाजूला ठेवला, कमरेच्या ओटीतून काळबोंडी घेतली आणि तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली. तिच्या मुठीतून दाणे नळ्यांत पडायचे होते. म्हादूने तिफणीच्या रुमण्याला, मागच्या दांड्याला, हात घातला. त्याला घामाचा, कडब्याचा, ओळखीचा वास आला. “चला, बाबांनो,” तो म्हणाला, दोघांना मिळून, आणि तिफण चालू लागली.

मातीचा बैल चालताना कुणी पाहिला नाही, हे सांगणे भाग आहे. ज्याने पाहिले त्याला तो उभाच दिसला. पण प्रत्येक वेळी पाहिले तेव्हा तो पुढे उभा होता. चिमण्याच्या डावीकडे, ओल्या काळ्या मातीत, एकामागून एक खूर उमटत गेले, पुऱ्या वाढीच्या बैलाचे, खोल, आणि मागच्या डाव्या खुराला एक चीर. ती चीर हौश्याला दोन वर्षांपूर्वी दगडाने पडली होती. म्हादूने स्वतः तिच्यात बिब्बा भरला होता.

पहिले तास संपले. वळताना जू डावीकडे झुकले. बांधावरच्या गवताचा एक झुबका आपोआप उपटला गेला, हवेत दोनदा हलला आणि नाहीसा झाला.

“हौश्या, लाज धर,” म्हादू म्हणाला.

सवयीनेच म्हणाला. मग उरलेली दोन तासं त्याने रडत रडत, पण अगदी सरळ पेरली. त्या दिवसाइतकी सरळ तासं सातमोटच्या रानात पुन्हा पडली नाहीत, असे नाना चौगुले मरेपर्यंत सांगत.

पेरणी संपून जू उतरले. लोक मातीच्या बैलाला हात जोडू लागले. हैबतरावांना मात्र ते सहन होईना. “ढेकूळ आहे ढेकूळ!” असे म्हणत त्यांनी तो बैल उचलून बांधापलीकडे फेकायला एका हाताने धरला. तो उचलेना. दोन्ही हातांनी धरला. गडी बोलावले, चार गडी आणि पाटील मिळून ओढू लागले, आणि पाच माणसे रताळ्याशी झटताहेत असे ते दिसत होते. शेवटी त्याला दोर लावून पाटलांनी आपली खिलारी जोडी आणवली. शेंब्या चमकवीत ती जोडी आली, मातीच्या बैलापाशी थांबली, दोघांनी माना खाली घातल्या आणि त्याला चाटू लागली. आसूड वाजले, शिव्या वाजल्या. ती चाटतच राहिली.

महाराज जवळ आले. त्यांनी हैबतरावांना विचारले, “पाटील, जेवलात का?”

“न्हाई,” पाटील धापा टाकीत म्हणाले. कुणी त्यांना असे विचारून बरीच वर्षे झाली असावीत.

“हा आवतण घेऊन आलेला पाहुणा. दोर लावून कसा हलेल?” महाराजांनी खिलारी बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. बैल शहारला. झुलीखाली खांदा सुजून लाल झाला होता. “परवा यांचे खांदे कुणी मळले?”

पाटलांनी गड्यांकडे पाहिले. गड्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेंब्या घासायच्या गडबडीत ते राहून गेले होते. शेंब्या लांबून दिसतात, खांदा दिसत नाही.

हैबतराव त्या सुजलेल्या खांद्याकडे पाहत राहिले. मग म्हादूकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “म्हादबा, तूप उरलंय का रं थोडं?”

म्हाद्याचा म्हादबा झालेला गावाने ऐकला. कौतिका घरी पळाली आणि वाटी घेऊन आली. मग सगळ्या कसब्यासमोर हैबतराव पाटलांनी ढेकळांत बसून आपल्या बैलांचे खांदे मळले. कोपरापर्यंत तूप ओघळले. आवतणाचे शब्द त्यांना पाठ नव्हते. म्हादूने हळूच सांगितले, त्यांनी म्हटले. म्हणून झाल्यावर ते उठले आणि म्हादूच्या पायांकडे वाकले. म्हादू मागे सरकला, “मालक, आवो,” म्हणत. पाटील वाकलेलेच राहिले, कारण बैलाशी झटताना कंबर धरली होती, पण महाराज म्हणाले, “राहू दे. चांगला दिसतोय.”

कौतिकाने मातीचा बैल दोन बोटांनी उचलला. “चल बाबा, दमला आसशील,” ती म्हणाली, आणि पहिल्या तासाच्या तोंडाशी, जिथली माती तिथेच, तिने तो पुरला.

देवाच्या वावरात काळबोंडी आजही होते, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सातमोटच्या प्रत्येक गोठ्यात एका मोकळ्या खुंट्याला आवतण देतात. ज्याच्या हाताला खांद्याची आठवण आहे, त्याची जोडी मोडत नाही, अशी तिथली श्रद्धा.

त्या वर्षी करीनंतर पाच दिवसांनी उगवण बघायला लोक वावरात गेले, तर तासं अजून काळीच होती. फक्त पहिल्या तासाच्या तोंडाशी दोन कोंब वर आले होते, दोन डोळ्यांइतक्या अंतरावर. आणि त्यांच्यासमोर, फेटा काखेत धरून, हैबतराव पाटील गुडघ्यांवर ओणवे झाले होते.

“मालक, काय हरवलं का?” म्हादूने विचारले.

“हरवलं न्हाई रं,” पाटील मान वर न करता म्हणाले. “पाया पडतोय.”